दारावरची निळी पट्टी

कॅल्गरी, ६ सप्टेंबर

ती. बाबांना,
कारीनाचा सा. न. वि. वि.

तुम्हाला फोनवर ऐकू येत नाही आणि कानातलं यंत्र तुम्ही लावत नाही, तेव्हा पत्रच बरं. तळघराच्या कामाला शेवटी माणूस मिळाला. तिघांकडून अंदाज मागवले होते. एकाने आकडा इतका कमी सांगितला की भीतीच वाटली. दुसरा घर बघायला फिरकलाच नाही. तिसरा हा रेनातो. जरा बडबड्या आहे, पण त्याने ज्यांची घरं केली त्या दोघांना मी स्वतः फोन करून विचारलं. पैसे कामाप्रमाणे मी इथून देईन. त्याने आगाऊ मागितले तर तुम्ही खिशात हात घालू नका. तुमचा स्वभाव मला माहीत आहे.

बेत असा: तळघरात स्वयंपाकघर, न्हाणीघर, बाजूने वेगळं दार, आणि शेवटी ती जुनी सौना काढून तिथे झोपायची खोली. आई गेल्यापासून वाफेने अंग शेकायला तिथे जातंय कोण? घराचा कर आणि घर तापवायच्या तेलाचं बिल तुमच्या एकट्याच्या पेन्शनीत भागत नाही. खाली भाडेकरू आला तर घर राहील. नाही आला तर पुढच्या उन्हाळ्यात विकावं लागेल, आणि ते मला नको आहे. हरकत असेल तर लिहा. नाही लिहिलीत तर होकार समजेन, आपल्या घरात नेहमी समजतात तसा.

तब्येतीला जपा. माया आहेच, ती राहू द्या.

तुमची,
कारीना

थंडर बे, १ ऑक्टोबर

चि. कारीनास,
अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. रेनातो सकाळी वेळेवर येतो. फार बोलतो. मला ऐकू येत नाही, त्यामुळे आमचं छान जमतं. माझी कॉफी त्याला पाणचट लागते, पण दोन कप पितो. न्हाणीघराच्या फरश्या वाकड्या बसल्या होत्या. मी नुसता बघत उभा राहिलो, तर त्याने उखडून पुन्हा बसवल्या. माणूस बरा आहे.

बटाटे काढून झाले. यंदा लहान आहेत. तलावावरून वारा सुटलाय. शनिवारी लाकडं फोडली.

तू वेळेवर जेवत जा. कळावे.

बाबा

थंडर बे, १४ नोव्हेंबर

कारीनाबाईंना,
रेनातोचा स. न. वि. वि.

फोनवर मी बडबडतो आणि मुद्दा राहून जातो, म्हणून लिहायला बसलो. सवय नाही, हसू नका.

स्वयंपाकघर, न्हाणीघर, बाजूचं दार झालं. आमच्या धंद्यात काम संपत आलं की मालकाच्या हातात निळ्या चिकटपट्टीचं रीळ देतात. त्याने घरभर फिरायचं, खोट दिसेल तिथे तुकडा लावायचा, आम्ही ती काढून द्यायची. काही गिऱ्हाइकं अशी भेटतात, की घराला गोवर आल्यासारखं दिसतं. सौनाला हात लावण्याआधी मी रीळ तुमच्या वडिलांना दिलं. कपाटाचं एक दार वाकडं आहे, ते मलाही दिसतंय. तिथे त्यांनी काही लावलं नाही. सगळं रीळ सौनाच्या दारावर संपवलं, या चौकटीपासून त्या चौकटीपर्यंत, वरपासून खालपर्यंत. मी त्यांच्या कानाशी ओरडून विचारलं, की इथे खोट काय आहे. म्हणाले, काही नाही. आणि कॉफी ठेवायला वर निघून गेले.

सौना बंद असते असं तुम्ही म्हणाला होतात. मागे एका सोमवारी माप घ्यायला आत गेलो, तर फळ्या दमट होत्या.

मी आयुष्यभर लोकांच्या भिंती पाडत आलोय, बाई. त्या दारावर माझी पहार चालणार नाही. तुम्ही बाप-लेकीने काय ते ठरवा. वडील तुमचे, पण दुपारी जेवतात माझ्याबरोबर, म्हणून एवढं बोललो. राग नसावा.

आपला,
रेनातो

कॅल्गरी, २२ नोव्हेंबर

ती. बाबांना,
कारीनाचा सा. न. वि. वि.

रेनातोचं पत्र वाचून आधी रागच आला. मी सप्टेंबरात विचारलं, तेव्हा तुम्ही मला बटाट्यांची हकिगत कळवलीत! मग तुमचं पत्र पुन्हा काढलं. आपलं घर तेलावर तापतं, लाकूड लागतं ते फक्त सौनाच्या शेगडीला. लाकडं कशासाठी फोडलीत, हे तेव्हा माझ्या डोक्यातच आलं नाही.

आत काय आहे, बाबा? खोली झाली नाही तर भाडेकरू नाही, आणि भाडेकरू नाही तर घर जाईल, हे तुम्हालाही कळतं. तरी नको असेल तर नको. फक्त एकदा मला 'नाही' लिहा. तुमचा होकार मला न सांगता कळतो, असं मी समजत होते. आता भीती वाटते, की आजवर किती वेळा तो होकार नव्हताच.

वाट बघते आहे. माया पातळ होऊ देऊ नका.

तुमची,
कारीना

थंडर बे, ३ डिसेंबर

चि. कारीनास,
अनेक आशीर्वाद.

नाही. सौना काढायची नाही.

तुझ्या आईला शेवटच्या हिवाळ्यात न्हाणीघरात उभं राहवत नव्हतं. परक्या बाईचा हात तिला नको होता. मी दर शनिवारी सौना जेमतेम तापवायचो, तिला खालच्या फळीवर बसवून न्हाऊ घालायचो. साबण डोळ्यांत गेला की मला शिव्या द्यायची. आठवडाभर दुखण्याने रडायची, पण तिथे हसायची.

ती गेली तेव्हा तू बर्फामुळे विनिपेगला अडकली होतीस. नेणारी माणसं यायच्या आधी मी तिला उचलून खाली नेलं. माझ्या आईने माझ्या वडिलांना धुतलं होतं, तसं मी तिला धुतलं. इतकी हलकी झाली होती की जिना जाणवला नाही. तू आलीस तेव्हा तिचे केस ओले होते. तू विचारलं नाहीस आणि मला सांगता आलं नाही. अजून शनिवारी सौना तापवतो, दगडांवर पाणी टाकतो आणि बसतो. मला तिच्यावाचून फार जड जातं. तिथे तेवढं सोसतं.

रेनातोशी बोललो. तू वरचं घर भाड्याने दे. भाडं जास्तच येईल. नवीन तळघरात मी राहतो, भिंतीलगत एक खाट मला पुरते. आमची वरची झोपायची खोली गेली तरी चालेल. त्या खोलीत ती नुसती आजारी होती.

पट्टी सोलताना दाराचा रंग निघाला म्हणून रेनातो माझ्यावर ओरडतोय. रंगवूनही देतोय. नाताळात ये. सौना तापवून ठेवीन. तू आईच्या फळीवर बस, मी बाहेर कॉफी करतो.

लोभ आहे. आजवर बोललो नाही, म्हणून नव्हता असं समजू नकोस.

बाबा