सोमवारचा माणूस

मये, डिचोली
मंगळवार, १० नोव्हेंबर १९८७

प्रिय सुविधा बाय,

अक्षर बघून दचकू नकोस, घरात सगळे खुशाल आहेत. बाबांनी पत्र लिहिलं म्हणजे काहीतरी विपरीत झालं असं तुला वाटणार, कारण चोवीस वर्षांत मी तुला एक ओळ लिहिलेली नाही. घरची पत्रं श्रीनाथच लिहितो, तुझी आई सांगते आणि तो उतरवतो. आज तो खाणीवर ट्रक घेऊन गेलाय, आई सूनबाई सुमनला घेऊन डिचोलीच्या बाजाराला गेलीय, आणि मी श्रीनाथचं पेन घेऊन सोप्यावर बसलोय. चुका सांभाळून घे. शाळेचं तोंड मी दुसरीपर्यंतच बघितलं. पुढची अक्षरं बार्जवर गिरवली, मुरगावला खनिज उतरायची वाट बघताना, पाव गुंडाळून आलेल्या वर्तमानपत्राच्या कागदांवरून. म्हणून घरात कोंकणी बोलतो तरी कागद पुढे आला की हात मराठीच लिहितो. दत्तारामच्या दुकानावर हल्ली यावरून रोज जुंपते, ही भाषा खरी की ती. मी म्हणतो, बाबांनो, माझं तोंड एक बोलतं नि हात दुसरं लिहितो, मी कोणाला तोडून टाकू?

शनिवारी तुझं आईला आलेलं पत्र श्रीनाथनं मोठ्यानं वाचलं. एका जागी तो अडखळला आणि खालच्या ओळीवर उडी मारू लागला, पण मी कान देऊन बसलो होतो. "बाळंतपणाला मी मयेला येत नाही. इथेच करते, नणंद येणार आहे. बाबा आता कायमचे घरी असतात, त्यांना उगाच त्रास नको." असं तू लिहिलंस. तुझी आई उठली. जुन्या लुगड्यांची दुपटी शिवून तिनं दोरीवर वाळत घातली होती, ती काढली, घड्या केल्या आणि पेटीत तळाशी ठेवून दिली. मग कुळीथ निवडत बसली. निवडलेलेच कुळीथ परत निवडत होती.

मी रागावलो नाही, हे आधी लिहितो. रागावलो असं वाटलं तर तू पुढचं वाचायची नाहीस. तुला आपल्या घरातल्या रविवारच्या जेवणाची हकिकत सांगायची आहे. हसण्यासारखी आहे.

मी निवृत्त झालो आणि त्याच आठवड्यात गोवा राज्य झालं. दुसऱ्या दिवशी रविवार. श्रीनाथला सुट्टी तेवढीच, म्हणून आठवड्यातून एकदा सगळ्यांनी एकत्र बसून जेवायचं, ही सुमननं लग्न होऊन आल्यापासून पाडलेली शिस्त. मी पहिल्यांदाच त्या पंगतीला बसलो. श्रीनाथच्या ताटात इसवणाची भाजलेली तुकडी, आईच्या ताटात तुकडी, वर मासळीचं हुमण. माझ्या ताटात वरण, दुधी भोपळ्याची भाजी आणि एक पापड. मी सगळ्यांकडे बघितलं. कोणाला त्यात काही विशेष वाटत नव्हतं. मला वाटलं, तुकड्या कमी पडल्या असतील. जेवलो.

दुसऱ्या रविवारी शिंपल्यांचं, म्हणजे तिसऱ्यांचं, सुकं होतं आणि मला मुगाची उसळ. तिसऱ्या रविवारी मला वाटलं, तुझ्या आईनं माझ्या नावानं काही नवस बोलला असेल. चौथ्या रविवारी वाटलं, डॉक्टरनं घरातल्यांना काहीतरी सांगितलंय आणि ते माझ्यापासून लपवतायत. त्या आठवड्यात मी दोनदा आरशात जीभ बाहेर काढून बघितली. विचारायला तोंड उघडेना. सव्वीस वर्षं बाहेर काढलेला माणूस मी, स्वतःच्या घरात नवी सून आल्यासारखा वागत होतो. वाढलं ते खायचं आणि बरं झालंय म्हणायचं. श्रावण लागला तेव्हा मात्र सुख वाटलं, कारण महिनाभर सगळ्यांच्याच ताटात माझं जेवण.

गणपतीची चवथ झाली आणि पेडण्याहून बाबुराव आला. तुला तो आठवत नसेल, वीस वर्षं आम्ही एका बार्जवर होतो, मी तांडेल आणि तो खलाशी. येताना डझनभर बांगडे घेऊन आला. रविवार होता. सुमननं तिरफळं घालून हुमण केलं, त्याला वाढलं, श्रीनाथला वाढलं, आणि माझ्यापुढे वरणाची वाटी आणून ठेवली. बाबुरावाचा घास हातातच राहिला. "मेल्या तांडेला, तूं शिवराक केन्ना जालो रे?" मी म्हटलं, "जेव गप." तो कुठला गप बसतो! तुझ्या आईकडे वळला, "वहिनी, ह्या मनशान माका वीस वर्षां मासळी रांदून घातल्या. बार्जीर दुसऱ्या कोणाक चुलीलागीं येवंक दिना आशिल्लो. आणि तुमी ताका वरण वाडटात?"

श्रीनाथला ठसका लागला. सुमन पळी हातात घेऊन उभीच. तिच्या बांद्याच्या बोलीत म्हणाली, "मामानूं, तुमी मासे खातास? मग माका चार म्हयने सांगूक काय झाला? मी हय रोज इचार करतंय, मामांका काय रांदू, काय रांदू!" श्रीनाथ म्हणाला, बाबा मासे खात नाहीत हे त्याला जन्मापासून माहीत होतं, शाळेत निबंधातसुद्धा लिहिलं होतं त्यानं.

आता तूच बघ, त्या पोराचं तरी काय चुकलं? माझी सुट्टी सोमवारी. बार्जवरच्या किरिस्तांवांना रविवार हवा, आपल्या लोकांना बुधवार हवा, सोमवार कोणालाच नको, कारण सोमवार म्हणजे शिवराक, मासळीची कढई त्या दिवशी पालथी. मी सगळ्यात नवा होतो म्हणून सोमवार माझ्या गळ्यात पडला आणि सव्वीस वर्षं तिथंच राहिला. त्याशिवाय यायचो ते चवथीला, म्हणजे शिवराक. देवाच्या जत्रेला, शिवराक. लग्नकार्याला, शिवराक. ताप आला म्हणून रजा घेतली तर पेज आणि लोणचं. पावसात बार्ज दुरुस्तीला चढली तरी आम्हाला तिथंच राहावं लागे. तुम्हा दोघांनी बाप बघितला तो असा, आठवड्याला एक दिवस, नि तो दिवस वरणभाताचा.

तुझ्या आईला मात्र ठाऊक असायला हवं होतं, लग्नानंतरची पहिली काही वर्षं तिच्याच हातचे बांगडे मी खाल्ले. मी तिच्याकडे बघितलं. ती खाली मान घालून म्हणाली, "तुमींच सांगिल्लें न्हय?" मी कधी सांगितलं, ते मला त्या क्षणी आठवेना. ते पुढे लिहितो. आधी बाकीचं लिहू दे, म्हणजे हात जरा मोकळा होईल.

त्यानंतर रविवारचं रांधप माझ्याकडे आलं. पहिल्या रविवारी मी आठ खलाशांच्या मापानं हुमण केलं आणि शेजारच्या तीन घरांत तांब्या तांब्यानं वाटावं लागलं. सुमन म्हणाली, "मामानूं, बार्ज बुडात तुमच्या हुमणान." आता माप सुधारलंय. चुलीकडे बसायला लागल्यापासून घरातली माणसं मला ओळखू येऊ लागलीत. सुमन माशाचं डोकं स्वतःला ठेवते, मला वाटायचं बिचारी त्याग करते, म्हणून एकदा मी ते श्रीनाथला वाढलं, तर दिवसभर ती माझ्याशी धड बोलली नाही. डोकं तिला खरंच आवडतं. श्रीनाथला खाणीवर काही बिनसलं असलं की तो भात कालवत बसतो आणि खात नाही. मी काही विचारत नाही, आणखी एक तुकडी वाढतो, मग आपणहून सांगायला लागतो. आणि तुझी आई! तेहतीस वर्षांच्या संसारात मला वाटत होतं, चंद्रावती अबोल आहे. बाय, ती जेवताना अखंड बोलते. वाड्यावरचं एक घर सोडत नाही. मी सुमनला म्हटलं, ही कधीपासून एवढी बोलायला लागली? तर सुमन म्हणाली, पहिल्यापासून, सोमवार सोडून.

ते मला लागलं. सोमवारी घरात शांतता असायची आणि मला ती शिस्त वाटायची. थकून यायचो, दिवसभर झोपायचो, तुम्ही पोरं मोठ्यानं हसलात तर खेकसायचो. सोमवार संपून मी निघालो की तुम्हाला बरं वाटत असणार.

आता ते राहिलेलं लिहितो. आईनं ते मला बाबुराव गेल्यावर, तुळशीकडे दिवा लावताना सांगितलं. तू चौथीत होतीस. पावसाचे दिवस, मासळी महाग, रविवारी प्रत्येकाला इसवणाची एकेक तुकडी आली होती. तू तुझी खाल्ली नाहीस. आईला सांगितलंस, पोट दुखतंय. तुकडी वाटीत घालून, वर ताटली झाकून, तू ती शिंकाळ्यात लपवलीस. दुसऱ्या दिवशी मी जेवायला बसलो तर तू मागून आलीस आणि माझ्या भातावर ती तुकडी ठेवलीस. मला फक्त सोमवार दिसला. माझ्या ताटात, सोमवारी, मासळी! मी ताट सरकवलं आणि अन्नावरून उठलो. "या घरात माझ्या ताटात परत मासळी दिसली तर बघा," असं ओरडलो, आणि तसाच उपाशी धक्क्यावर निघून गेलो. मला ते सोमवारापुरतं म्हणायचं होतं. तुझ्या आईनं ते जन्माचं धरलं, आणि कोणी मला पुन्हा विचारायच्या भानगडीत पडलं नाही. चार महिने मी जे वरण खाल्लं ते माझ्याच तोंडानं मागितलेलं होतं.

आईनं आणखी एक सांगितलं. तू तिला आदल्या दिवशी विचारलं होतंस, "बाबांना सोमवारीच सुट्टी का? मग त्यांनी मासळी खायची कधी?" अख्ख्या घरात हा प्रश्न नऊ वर्षांच्या एका पोरीला पडला. श्रीनाथला नाही, आईला नाही, मलाही नाही. आणि तिच्याकडे मी ढुंकून न बघता उठलो. तू रडलीस का, हेसुद्धा मला माहीत नाही, कारण मी तोवर रस्त्याला लागलो होतो. पुढच्या सोमवारपासून तू मावशीकडे अभ्यासाला जायला लागलीस. मला वाटलं, पोरीला शिक्षणाची आवड आहे.

तुझं लग्न होऊन तीन वर्षं झाली. त्यातली जवळजवळ सगळी मी एक दिवसाआड मुरगावच्या बंदरात होतो. तुमच्या इमारतीवरची पाण्याची टाकी बार्जवरून दिसते. बाबुराव म्हणायचा, जा रे, वीस मिनिटांची चढण आहे, पोरीच्या हातचा चहा घेऊन ये. मी म्हणायचो, कपड्यांना खनिजाची लाल माती आहे, जावयाच्या घरी असं कसं जायचं. माती धुता येत होती. खरं म्हणजे दार उघडल्यावर तुझं तोंड कसं होईल, त्याची मला भीती होती.

तर बाय, माझं चुकलं. पंधरा वर्षांपूर्वी चुकलं आणि कळलं दोन महिन्यांपूर्वी. हे तोंडानं सांगायला मला कोंकणी पुरली नसती आणि मराठीही, म्हणून कागद घेतला. बाळंतपणाला घरी ये. माझ्या त्रासाचं म्हणशील तर अठ्ठावन्न वर्षांचा रिकामा माणूस मी, मला थोडा त्रास हवाच आहे. पोर रडलं तर मी त्याला घेऊन तळ्यापर्यंत फिरवून आणीन. बाळंतिणीला दूध यावं म्हणून मोरी माशाची आमटी करतात, ती मला येत नव्हती, सुमनकडून शिकतोय, अजून मीठ चुकतं. तुला नसेलच यायचं, तर तसं सांग, मी परत विचारणार नाही आणि तुझ्यावर रुसणारही नाही. पण १८ तारखेला, बुधवारी, मी तुझ्याकडे येणार आहे. नदीवरचा पूल पडल्यापासून बेतीला फेरीबोटीचा खोळंबा असतो, म्हणून पहाटेची पहिली बस धरीन. मधुकररावांना सांग, मासळी बाजारातून आणू नका, ती मी आणतो. आणि तू चुलीजवळ जाऊ नकोस, पाटावर बस. त्या दिवशी तुला मी वाढणार, आणि तू जेवून उठेपर्यंत समोरून हलणार नाही.

तुझाच,
बाबा