शंभर किलो, स्वतःच्या हिमतीवर

२२ ऑक्टोबर, बुधवार. पाडवा.

सासरवाडीला जेवण. सासऱ्यांच्या कानाच्या मशीनची बॅटरी लोखंडी कपाटाखाली गेली. मी फूटपट्टीने ती बाहेर काढायच्या बेतात होतो, तेवढ्यात माझ्या साडूने, म्हणजे सलिलने, कपाटच एका बाजूने उचललं. दुसऱ्या हातात श्रीखंडाची वाटी तशीच. सासूबाईंनी मीठ-मोहऱ्या तेवढ्या उतरवल्या नाहीत. बॅटरी मीच काढली, पण ते कुणाच्या लक्षात नाही.

घरी येताना रिक्षात वासंती म्हणाली की सलिलराव हल्ली किती छान दिसतात, खांदे बघितलेत का. मी बघितले नव्हते. बायकोने बघितले होते.

मेहुणी शर्मिलाकडून कळलं की तो तिकडे मांजरी गावात, त्यांच्या सोसायटीच्या जिममध्ये बेंच प्रेस करतो. फेब्रुवारीत हौशी लोकांची स्पर्धा आहे, त्यात चाळिशीपुढच्या गटात उतरणार. बेंच प्रेस म्हणजे बाकावर उताणं पडायचं, दांडा छातीपर्यंत खाली आणायचा आणि वर ढकलायचा. झोपून करायचा व्यायाम. यात मी मागे पडण्याचं कारण दिसत नाही.

निश्चय: मीही उतरणार. सलिलला सगळ्यांच्या देखत हरवणार.

२७ ऑक्टोबर, सोमवार.

जिम लावली. कसबा पेठेतच, घराजवळ. खाली नळ-पाइपचं दुकान, वर जिम. दुकान हिंदुरावांचं. धायरीचे. पूर्वी शेती होती, आता तिथे इमारती आहेत. वय पन्नास, आवाज मोठा, स्वभाव त्याहून मोठा. स्वतः होऊन माझे स्पॉटर झाले. स्पॉटर म्हणजे आपण वजन ढकलताना डोक्याशी उभा राहणारा माणूस. अडकलो तर दांडा धरतो.

आज चाळीस किलो. मी त्यांना स्पष्ट सांगितलं की आपण हात लावू नका, मला स्वतःच्या हिमतीवर करायचंय. ते म्हणाले, बोटं नुस्ती ठिवतो साहेब, वजन सगळं तुमचंच हाय.

पहिल्याच दिवशी चाळीस. सलिलने पहिल्या दिवशी किती केलं होतं ते वासंतीला सहज म्हणून विचारायला सांगितलं. ती म्हणाली, तुम्हीच विचारा.

२८ ऑक्टोबर.

हात वर जात नाहीत. दाढी राहिली. बँकेत सांगितलं की वाढवतोय.

१२ नोव्हेंबर, बुधवार.

सत्तर! पंधरवड्यात सत्तर. हे सगळ्यांना जमत नाही. मूळची हाडंच मजबूत असणार, आजवर कुणी लक्ष दिलं नाही.

एक गंमत. व्यायाम मी करतो आणि घाम हिंदुरावांना येतो. शेवटच्या वेळी तर ते माझ्यापेक्षा मोठ्याने कण्हत होते. पन्नाशीनंतर नुसतं उभं राहणंही झेपत नाही बिचाऱ्यांना.

२३ नोव्हेंबर, रविवार.

सलिल आणि शर्मिला चहाला आले. त्याने आखूड बाह्यांचा घट्ट टी-शर्ट घातला होता. नोव्हेंबरात. वासंतीने त्याला न विचारता दुसऱ्यांदा पोहे वाढले. मला विचारलं, अजून हवेत का, आणि ‘का’ वर जोर होता.

मी सहज विचारल्यासारखं विचारलं. साठ करतो म्हणाला. साठ! मी चेहरा स्थिर ठेवला. त्याच्याकडे स्पॉटरही नाही, एकटाच करतो, त्यामुळे परत जागेवर ठेवता येईल एवढंच उचलतो म्हणे. अशाने माणूस पुढे कसा जाणार? मी सहानुभूतीने मान हलवली. रात्रभर छान झोप लागली.

७ डिसेंबर, रविवार.

नव्वद. हिंदुराव म्हणाले, सगळं तुमचंच हाय साहेब! जिममधल्या दोघातिघांनी वळून पाहिलं. एक जण हसला. जळतात लोक.

हिंदुरावांचा शर्ट पाठीत उसवला. दीड महिन्यात माणसाची पाठ एवढी रुंद कशाने झाली, कळत नाही. स्वतः तर फारसा व्यायाम करताना दिसत नाहीत, सगळा वेळ माझ्याच डोक्याशी उभे. काहींना आयतं मिळतं. माझ्या छातीत मात्र अजून म्हणावा तसा फरक नाही. हेवा वाटला, पण त्यांना सांगितलं नाही.

२१ डिसेंबर, रविवार.

शंभर किलो. शंभर!!

व्हिडिओ काढून घेतला. त्यात हिंदुरावांचं पोट फार जागा खात होतं, म्हणून वरचा भाग कापला. आता फक्त मी, दांडा आणि वजन. सासरवाडीच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं: ‘सहज.’

सासूबाईंचे दोन नमस्कार. सासऱ्यांनी सकाळच्या गुड मॉर्निंगला उत्तर म्हणून अंगठा दिला की याला, ते स्पष्ट नाही. सलिलने लिहिलं, ‘श्यामराव, कमाल! नतमस्तक.’ हे त्याने दात-ओठ खाऊन लिहिलं असणार. मी चार वेळा वाचलं.

२९ डिसेंबर, सोमवार.

नाव नोंदवलं. एक अडचण. सलिल ८३ किलोच्या आतल्या वजनगटात आहे. मी ८७. त्याच गटात जायचं तर चार किलो उतरवायला हवेत. सोपं आहे. उद्यापासून भात बंद, साखर बंद, बाकरवडी बंद.

३१ डिसेंबर.

बँकेत केक होता. बाकरवडीबद्दल ठरलं होतं, केकबद्दल नाही.

६ जानेवारी, मंगळवार. अंगारकी.

उपास धरला, वजन उतरेल म्हणून. साबुदाण्याची खिचडी, वऱ्याचे तांदूळ, दाण्याची आमटी, बटाट्याच्या काचऱ्या, रताळ्याचा कीस. चंद्रोदयानंतर मोदक. वजन ८७.४. काटा बिघडलेला वाटतो.

१४ जानेवारी, बुधवार. संक्रांत.

तिळगूळ नाकारता येत नाही. धर्म आहे.

सलिलचा फोन. अडखळत बोलत होता. म्हणाला, पासष्टवर अडकलोय, हसं व्हायचं, नाव मागे घ्यावं म्हणतो. तो नसेल तर मी हरवायचं कुणाला? मी अर्धा तास समजावलं. म्हणालो, सलिलराव, माघार घेणं आपल्या घराण्यात नाही (सासर एकच, म्हणून घराणं एक). स्पर्धेत पंचांची कमांड मिळेपर्यंत दांडा छातीवर स्थिर धरावा लागतो, तेवढा सराव रोज करा, असंही सांगितलं. हे मी कुठेतरी वाचलं होतं. स्वतः करून पाहायला वेळ झालेला नाही. तो इतका भारावला की त्याचा आवाज ओला झाला. कच्चा माणूस.

२५ जानेवारी, रविवार.

८४.६. रोज पर्वतीच्या पायऱ्या. वासंतीला वाटतंय मी आजारी आहे. शंभर चालू आहे, पण हिंदुराव थकले की त्या दिवशी माझंही वजन जड लागतं. माणसांचा परिणाम होतो एकमेकांवर.

३१ जानेवारी, शनिवार.

कालपासून पाणी जवळपास बंद. डोळ्यांपुढे पाण्याचा तांब्या दिसतो.

हिंदुराव दुकानातून मुद्दाम वर आले आणि म्हणाले, साहेब, उद्या पहिलं वजन साठ सांगा. मी म्हणालो, शंभर. ते मान खाजवत म्हणाले, मग पंचावन्न तरी. म्हणजे मी शंभर म्हणतोय आणि हे खाली खालीच चाललेत! एकदम लक्षात आलं. इतके दिवस माझ्या डोक्याशी उभं राहून या माणसाच्या मनात काय काय आलं असेल. माझी प्रगती त्यांनी जवळून पाहिली आहे. जवळच्या माणसालाच जास्त जळायला होतं. मी त्यांना क्षमा केली.

१ फेब्रुवारी, रविवार. सकाळ.

स्पर्धा एका मंगल कार्यालयात. कालच्या लग्नाची झेंडूची कमान तशीच आहे. वजन ८२.९. फक्त चड्डीवर उभा राहिलो, श्वासही सोडून दिला. सलिल ८१. काहीही न सोडता. सकाळी घरून इडली खाऊन आलाय. आतड्यांपर्यंत हेवा वाटला.

पहिलं वजन सांगताना मी मोठ्याने शंभर म्हणालो, सलिलला ऐकू जावं म्हणून. त्याने साठ सांगितलं. माझ्याकडे बघून नमस्कार केला.

सासू-सासरे, वासंती, शर्मिला, सगळे पहिल्या रांगेत. हिंदुरावही आलेत. त्यांना स्पॉटर म्हणून उभं करावं अशी मी रीतसर विनंती केली. तेजस्विनी नावाच्या पंच आहेत, माझ्या पुतणीच्या वयाच्या. म्हणाल्या, स्पॉटर आमचे असतात, आणि ते दांड्याला शिवले की प्रयत्न बाद. मी म्हणालो, उत्तम, मला तेच हवंय.

त्याच दिवशी, संध्याकाळ.

झालं ते लिहितो.

दांडा स्टँडवरून सुटला आणि माझ्या छातीवर आला. मी आणला नाही, तो आला. ‘प्रेस’ ही कमांड ऐकू आली. मी ढकललं. काहीच झालं नाही. म्हणजे थोडंही नाही. दोन्ही बाजूंच्या माणसांनी वजन उचललं तेव्हा श्वास आला.

मी बाहेर येऊन सांगितलं की इथल्या वजनाच्या चकत्या जड आहेत. तेजस्विनीबाई म्हणाल्या, काका, शंभर किलो सगळीकडे शंभरच असतं. मी म्हणालो, मग पुढचं ऐंशी लावा. त्या म्हणाल्या, खाली येता येत नाही. एकदा शंभर सांगितलं की शंभर किंवा वर. हा कसला नियम? आयुष्यात माणूस खाली येतोच की.

दुसऱ्यांदा शंभर. तसंच. तिसऱ्यांदा दांडा छातीवरून पोटाकडे घरंगळायला लागला. सासऱ्यांनी मोठ्याने विचारलं, श्यामराव झोपलेत का? कानाचं मशीन काढून ठेवलं होतं.

सलिलने साठ केलं, सत्तर केलं, पंचाहत्तर केलं. तिन्ही वेळा दांडा छातीवर दगडासारखा स्थिर. तिन्ही वेळा पंचांचे पांढरे दिवे, म्हणजे मान्य. तिसऱ्या वेळी वासंती उभी राहून टाळ्या वाजवत होती. माझ्या प्रत्येक वेळी ती पदराचं टोक चावत होती.

चौघांत तो तिसरा. मी चौथाही नाही. तिन्ही प्रयत्न बाद, म्हणून निकालात नावच नाही.

पाणी प्यायलो. खूप.

३ फेब्रुवारी, मंगळवार.

हिंदुरावांच्या दुकानात गेलो. सरळ विचारलं. ते पाइप मोजत होते, ते थांबले. म्हणाले, साहेब, पहिल्या दिवशी चाळीस बी तुमच्यानं जाईना. तुमचं तोंड बघवंना. म्हणलं, जरा लावू हात. मग तुम्ही रोज खूश, मी बी खूश. आन् माझी पाठ बघा की कशी झाली!

मी विचारलं, शंभरातलं माझं किती होतं. त्यांनी हातातला पाइप पुन्हा एकदा मोजला. मग म्हणाले, निम्मं धरा. वाईट वाटलेलं पाहून म्हणाले, निम्म्याला थोडं वर.

म्हणजे पंचावन्न. त्यांनी शनिवारी तोच आकडा सांगितला होता. चिडायला गेलो होतो, चहा पिऊन आलो.

८ फेब्रुवारी, रविवार.

सलिल आला. एकटा, पेढे घेऊन. दार उघडताच खाली वाकून माझ्या पायांना हात लावला. तो माझ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान, तरी कधी लावला नव्हता. मग खिशातून मेडल काढून माझ्या गळ्यात घातलं. म्हणाला, हे तुमचं आहे. चौदा जानेवारीला मी नाव मागे घेत होतो, तुम्ही घेऊ दिलं नाहीत. दांडा स्थिर धरायचं तुम्हीच शिकवलंत. आणि स्पर्धेत मी साठ सांगून सुरक्षित खेळलो, तुम्ही तीनदा शंभरालाच भिडलात, ती छाती माझ्यात नाही.

मी चहा घ्या म्हणालो.

तो गेल्यावर त्याचं एकेक वाक्य आठवून तपासलं. टोमणा कुठे आहे ते बघत होतो. पुण्यात जन्मलेला, वाढलेला माणूस. एवढं बोलला म्हणजे एक तरी असणारच. ‘ती छाती’ या शब्दांवर बराच वेळ घालवला. नाही. कुठेच नाही.

शेवटी वासंतीला विचारलं की तो चेष्टा करत होता ना. ती म्हणाली, नाही हो, अगदी मनापासून बोलत होते. मग मेडल माझ्या गळ्यातून काढून तिने टेबलावर ठेवलं आणि विचारलं, हे ऐकून तुम्हाला एवढं वाईट का वाटतंय?