तुझ्या जहाजाविरुद्ध साक्ष देताना

प्रिय मुश्ताक,

तुला पत्र लिहायची वेळ माझ्यावर यावी! शाळेत माझे निबंध तूच लिहून द्यायचास. पण उद्या सकाळी मस्कतहून खलाशांच्या संघटनेच्या वकीलबाई इथे दुक्मला येतायत, माझी साक्ष घ्यायला. तुझ्या जहाजाबद्दल. सकाळपासून जीव थाऱ्यावर नाही. देवापुढे बसलो, तर जप कुठवर आला तेच विसरलो.

जहाज अजून बंदराबाहेर नांगरावरच आहे. मालकाने वाऱ्यावर सोडलेलं. तू गेलास, तुझी माणसं मात्र वरच आहेत. तुझा भंडारी चुलीपासून उठून वायरलेसवर हाक मारतो, "गणपतभाई, पानी?" मी लाँच घेऊन निघतो. आमचा अर्बाब, लाँचचा मालक, ओरडतो, "जहाजाच्या एजंटची परवानगी आण आधी. नाहीतर खलास, दुसरी नोकरी बघ!" तरी नेतो. आपल्याकडे मासेमारीच्या हद्दीवरून दोन गावं डोकी फोडतील, पण दर्यात कुणी पाणी मागितलं तर त्याचं गाव विचारायचं नाही. हे कुठल्या सरकारने लिहून ठेवलं होतं रे?

वकीलबाईंना फोनवर विचारलं, "झेंडा एका देशाचा, मालक दुसऱ्या देशाचा, खलाशी आमचे, आणि जहाज उभं ओमानच्या पाण्यात. मग कायदा कुणाचा?"

त्या म्हणाल्या, "या सगळ्यांच्या वरचा. पिण्याचं पाणी, औषध, घरी परत जाणं, हे खलाशाचे हक्क देशोदेशींनी मिळून मान्य केलेत. झेंडा बदलला म्हणून ते जात नाहीत. पण हक्क मोडला हे कुणीतरी बोलावं लागतं, गणपतभाऊ. तपासणीच्या अहवालात तर सगळं ठीक लिहिलंय."

लिहिणारच! तो तपासनीस शिडी चढून वर गेला, तेव्हा मी खाली लाँचवरून सगळं ऐकत होतो. त्याने विचारलं, "सारंग, पानी है?" आणि तू, खलाशांचा म्होरक्या, छाती काढून म्हणालास, "है साब, भरपूर!" वर त्याला चहा पाजलास! मी आदल्या दिवशी चोरून चढवलेल्या पाण्याचा चहा!

मागून मी भडकलो, तर हसलास. "अरे गण्या, आपल्या बोटीची गाऱ्हाणी परक्या बंदरात सांगतात काय? आलेल्याला कोरडा पाठवू?"

पाहुणा नव्हता रे तो, मुश्ताक! तुझ्यासाठी आला होता. सगळ्या देशांनी मिळून केलेला कायदा तुझ्या डेकवर उभा होता, आणि तू त्याला साखर किती म्हणून विचारत होतास!

मग तू पडलास. लघवी बंद, अंगात फणफणता ताप. झेंडेवाल्यांनी मालकाकडे बोट दाखवलं, मालकाने एजंटकडे, एजंटने फोनच उचलला नाही. तुला खाली उतरवलं तेव्हा उशीर झाला होता. दवाखान्यात डोळे उघडून काय विचारलंस? "भंडारी जेवला काय?" तेवढंच. स्वतःबद्दल एक शब्द नाही. आयुष्यभर असाच!

दुपारी सुनंदाला फोन केला. ती म्हणाली, "अहो, नोकरी जाईल म्हणून घाबरताय?"

"तेही आहे. पण मुश्ताक खोटं बोलला, हे तोंडाने सांगावं लागेल. त्याच्या माघारी. शमीमभाभींना काय वाटेल?"

"मग मला काय विचारता? तिला विचारा."

विचारलं. भाभी म्हणाल्या, "सांगा भावजी. चहाचंपण सांगा. घरात दूध नसलं तरी दारातल्या माणसाला चहा हवाच असायचा त्यांना." हसल्या, आणि मग हुंदका आला. "वरची माणसं तेवढी घरी जाऊ देत. त्यांच्यापण बायका वाट बघत असतील."

तरी मन शांत नाही. कायदा इतका वर, आणि आम्ही इतके खाली. माझा आवाज तिथवर पोचेल का? पोचला, तरी भंडाऱ्याच्या अंगात तोवर ताकद उरेल का? ठाऊक नाही.

पण तुला शब्द देतो. उद्या नाव, गाव, बापाचं नाव, सगळं सांगेन. टाकीतलं पाणी मी चढवलं होतं आणि आमचा सारंग खोटं बोलला, हेही सांगेन. तू रागावशील. खुशाल रागव. तुझा शेवटचा माणूस शिडी उतरून विमानात बसेपर्यंत मी बोलत राहीन.

तुझाच,
गण्या