बिनकुंकवाची तसबीर

आई, तुझी ती काचेवरची तसबीर परवा गेली. भिंतीवर खिळा तेवढा राहिलाय. सून म्हणते, "तिथं घड्याळ लावते." मी अजून हो म्हटलेलं नाही.

तू पेठेतल्या बाईंकडं स्वयंपाकाला होतीस तेव्हाची गोष्ट. त्यांच्या माजघरात ही तरुण बाई टांगलेली होती. पेशवाईतली, म्हणायचे. नाकात मोत्यांची नथ, हातात फूल आणि कपाळ मात्र कोरं. बाईंच्या घरी सून यायची होती. त्याच्या आदल्या आठवड्यात तू ती जुन्या पातळात गुंडाळून बाहेर आणलीस. "बाईंनी दिली," म्हणालीस, "नवी नवरी उंबरा ओलांडणार आणि समोर ही विधवा, ते नको म्हणाल्या." स्वारगेटहून धायरीच्या गाडीत तू ती तान्ह्या पोरासारखी मांडीवर धरून बसलीस. मी कुरकुरले, "लोकांनी टाकलेलं आपण कशाला न्यायचं?" तू खिडकीबाहेर बघत म्हणालीस, "मला तरी कोण बोलावतं गं?" बाबा गेल्यापासून तुला हळदीकुंकवाचं बोलावणं नव्हतं. मग दर शुक्रवारी तू काच पुसून तिला कुंकू लावायला लागलीस. मला ते अजून दिसतं. तू पोळ्या लाटते आहेस आणि पाठमोरीच तिला सांगते आहेस, "आज कणीक सैल झाली बघ." आम्ही पोरं हसायचो. तुझं आपलं चालूच.

या गौरींना सुनेनं सजावटीचा फोटो फोनवरून चार जणांना पाठवला. मागच्या भिंतीवर ती होती. फोटो फिरत फिरत बाईंच्या नातीपर्यंत पोचला आणि नात आली. सोबत जुन्या चित्रांचे एक जाणकार. पोहे झाले, चहा झाला, मग ती म्हणाली, "आजी, हे आमच्या घरातलं पेंटिंग आहे. परत द्या, आम्ही काही इश्यू करणार नाही."

"इश्यू कसला त्यात?" मी म्हटलं. "तुझ्या आजीनं माझ्या आईला दिलंय. कुंकू नाही म्हणून घरात नको होतं."

"आमच्याकडं असली खुळं कुणी मानत नव्हतं, आजी," ती गोड हसून म्हणाली.

त्या गृहस्थांनी तसबीर खिडकीशी उजेडात धरली. अशा चित्रांत रंग काचेच्या मागून देतात म्हणे. "कुंकू होतं की," ते म्हणाले, "मागचा रंग झडलाय. हा बघा, लाल कण राहिलाय." म्हणजे ती विधवा नव्हतीच, आई. उगाच घराबाहेर काढलं बिचारीला. माझे डोळे भरून आले. बाकीचे तोवर किमतीचं बोलायला लागले होते.

तुझा नातू इरेला पेटला. "बघूच कोर्टात कुणाची ठरते ते!" पण कोर्टात तुझ्या नावाला चोर हा शब्द चिकटला असता, आणि तिथं उत्तर द्यायला तू नाहीस. शेवटी नातीनंच तोड काढली. बाईंनी तसबीर तुला सांभाळायला दिली होती, असं दोन्ही घरांनी म्हणायचं. चोरीही नाही आणि देणंही नाही. मी मान हलवली. आता ती संग्रहालयात त्यांच्या घराण्याच्या नावानं लागेल. आयुष्यभर तू दुसऱ्यांच्या घरी राबलीस, आणि त्यांनी आपणहून तुला दिलेली ही एकच वस्तू. ती तुझी नव्हती, असं मी माझ्या तोंडानं सांगून बसले.

हे पत्र मी कुठं पाठवणार? म्हणून उरलेलंही लिहून टाकते. मान हलवायच्या आधी नातीनं मला सरळ विचारलं होतं, "माझ्या आजीनं दिलं तेव्हा तुम्ही तिथं होतात का?" मी तेव्हा बाईंच्या मागच्या नळावर होते. नाही, म्हटलं. मग आत पाणी प्यायला गेले, आणि पेला खाली ठेवीपर्यंत, आई, माझाही तुझ्यावर विश्वास नव्हता.