स्क्रीनच्या तळाची ओळ

सोमवार, ३

कॉम्प्युटरला स्क्रू ड्रायव्हर लावला. टोक डब्यावर, मूठ कानामागच्या हाडावर. चाळीस वर्षं पंपाच्या मोटरी अशाच ऐकल्या. गिऱ्हाइकाने तोंड उघडायच्या आत सांगायचो, बेअरिंग गेलंय की वाइंडिंग. याच कानांवर टपरीचा कारखाना झाला! तर – डब्यासमोर कुणी नाही, बटण दाबलेलं नाही, आणि आत नुसती धावपळ. रिकामं यंत्र एवढं पळतंय म्हणजे कुणाचं तरी काम करतंय. माझं तर नक्कीच नाही.

कॉम्प्युटरवाल्या बाईंना घेऊन आलो. मोकळ्या घशाची बाई. हल्ली सगळे पुटपुटतात, म्हणून मला ही बाई आवडते. म्हणाली, "काका, तुमचे फोटो, पत्रं, सगळं क्लाउडवर चाललंय. शिवाय आत एआयचा मदतनीस बसलाय."

"मी कुठे बोलावला?"

"कुणीच बोलवत नाही हो. येतो."

"जेवायलाही थांबणार का?"

"पुढच्या अपडेटला विचारून बघा."

ठरलं. सगळं काढायचं. फक्त मुलीचा रविवारचा व्हिडिओ कॉल ठेवायचा. नोकरीसाठी लांब राहते, एकटी. आठवड्याला तासभर काय ती आमच्या वाट्याला येते. एकदा म्हणाली होती, कारखान्यात येते. मी म्हटलं, या धंद्याला कान लागतात, तू आपली नोकरी बघ. नंतर तिने विषय काढला नाही.

मंगळवार, ४

गिऱ्हाइकाला लिहिलं – मोटर जळली, नवीन घ्या. मदतनिसाने सुधारून दिलं – "आपल्या मोटरने प्रदीर्घ सेवेनंतर विश्रांती घेतली आहे. या कठीण प्रसंगी आम्ही आपल्यासोबत आहोत." नको तिथे बोट पडलं, गेलं! दुपारी गिऱ्हाईक स्वतः हजर. चेहरा गंभीर. "अहो, मोटरच होती. तीही सेकंडहँड."

मदतनिसाला काढायला बसलो. खरंच काढायचं? – हो. नक्की? – हो. आमचं काय चुकलं? – खाली पाच उत्तरं, त्यांतलं एक निवडायचं. "मी बोलावलाच नव्हता" हे त्यांत नाही. चपला घालून अर्धा तास दारातच बोलत उभे राहतात ना पाहुणे, तशी गत.

बुधवार, ५

मदतनीस परत. वर म्हणतो, "पुन्हा स्वागत!" माझ्या घरात माझंच स्वागत!

गुरुवार, ६

मदतनीस पुन्हा काढला. आज क्लाउड. तिथे माझ्या फोटोंची फिल्म करून ठेवलेली. नाव – "एक अविस्मरणीय सहल". जळक्या वाइंडिंगचे अकरा फोटो, मध्ये बायकोचा सुजलेला घोटा, शेवटी मी, तोंडात बॅटरी धरून. संगीतही आहे म्हणे, पण फारच हळू. ही डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली, मग काहीतरी पुटपुटत आत गेली. पूर्वी चांगलं उलट उत्तर द्यायची. आता वर्ष-दोन वर्षं चकार शब्द नाही. वयाने निवळतं माणूस.

जाता जाता डब्याचा पंखा पुसला. आवाज पार बंद! ही म्हणते, "घरघरतोय की अजून!" कान गेले बहुतेक तिचे. बोललो नाही, उगाच मनाला लागायचं.

शनिवार, ८

मदतनीस गेला, क्लाउड गेला, बातम्या सांगणारा कोपरा गेला, मला काय आवडेल ते माझ्याआधी ठरवणाराही गेला. राहिली एक गोष्ट. कॉलवर मुलगी बोलते ते स्क्रीनच्या तळाला अक्षरांत उमटतं. आम्ही घरचं बोलायचं आणि याने खाली बसून लिहून काढायचं! सकाळीच बंद केली ती ओळ.

ही म्हणाली, "ती राहू द्या ना."

"कशाला?"

"असू दे. बरी दिसते."

दुपारी पाहतो तर चालू. बंद केली. चहा पिऊन आलो – चालू! एवढी चिवट वस्तू मी आयुष्यात पाहिली नाही, आणि मी गंजलेले बोल्ट काढलेत. बाईंना बोलावलं. त्या म्हणाल्या, "काका, ही अपडेटने नाही येत. कुणीतरी हाताने लावतंय."

"कोण?"

बाईंनी हिच्याकडे पाहिलं. हिने खिडकीकडे पाहिलं. मी कॉम्प्युटरकडे पाहिलं. लबाड!

शेवटी पासवर्ड घालून बंद केली. आता लाव म्हणावं.

रविवार, ९

चित्र स्वच्छ. मुलीचे ओठ हलतायत. आवाज मात्र बादलीखालून आल्यासारखा. स्पीकर गेला असणार. पण आठवड्याचा एकच कॉल, तो दुरुस्तीत कोण घालवणार? अंदाजाने बोलत राहिलो. ती बराच वेळ काहीतरी सांगत होती, शेवटी थांबली, माझ्याकडे बघत राहिली. म्हणजे कौतुक हवंय. मी म्हटलं, "वा! मला माहीतच होतं! उत्तम झालं!"

ती उठून गेली. नुसती खुर्ची दिसत राहिली.

ही माझ्यापुढे येऊन उभी. ओरडून सांगितलं, "नोकरी गेलीय तिची! आणि तुम्ही म्हणता उत्तम झालं!"

सोमवार, १०

नवे स्पीकर आणले. दोन, मोठे. आवाज पूर्ण सोडल्यावर जरा बरं ऐकू यायला लागलं. वरच्या मजल्यावरचे गृहस्थ खाली आले, कानांवर हात ठेवून. हिने वायर उपटली, माझी हनुवटी धरून तोंड स्वतःकडे फिरवलं आणि एकेक शब्द सुटा करून म्हणाली, "तुम्हाला. ऐकू. येत नाही. दोन वर्षं झाली. ती ओळ मी लावत होते. तुम्ही वाचत होता."

"मी? वाचत?"

"लेकीचं सगळं बोलणं! वाचत!"

"मग मोटरी कोण ऐकतं?"

"हाड ऐकतं तुमचं!"

जेवलो नाही. तिनेही आग्रह केला नाही. केला असेल तर ऐकू आला नाही.

मंगळवार, ११

रविवारची वाट पाहवेना. मुलीला कॉल लावला. स्क्रू ड्रायव्हरचं टोक स्पीकरच्या डब्यावर, मूठ कानामागे. बारीक, पण स्पष्ट! तिचा श्वाससुद्धा.

"बाबा, ते कानाला काय लावलंय?"

"तुलाच ऐकतोय. परवा ऐकू आलं नव्हतं गं. मी उगाच वा वा करत बसलो."

आधी हसली, मग रडली. दोन्ही ऐकलं. नाक पुसत म्हणाली, "काय बिघडलंय मग माझं?"

"बेअरिंग ठीक आहे. लोड जास्त आलाय."

पुढे काहीतरी बोलणार होती. थांबली. तेही ऐकलं.

शुक्रवार, १४

कानाचे डॉक्टर. आत डोकावले आणि हसायलाच लागले. मळ! दोन्ही कानांत, वाटाण्याएवढे गोळे. बोलावलं नव्हतं कुणी, येऊन बसले होते. "कितव्या वर्षाचा माल आहे हा, आजोबा?" निघाला एकदाचा. खरंच काढायचं का, असं कुणी विचारलं नाही.

बाहेर पडलो तर केवढा गोंगाट! कुत्री भुंकतायत – मला वाटलं होतं सुधारली. घरी आलो. पंखा घरघरतोय. ही ओट्याशी, माझ्याकडे पाठ, आणि तोंड चालू. निवळलीबिवळली काही नाही! दोन वर्षांत एकही उत्तर चुकवलेलं नसणार बाईने. हसून सांगणारच होतो, ऐकू येतंय म्हणून, तेवढ्यात –

"पोरीला कारखान्यात यायचंय, पण स्वतःहून विचारायची नाही. आणि हे जन्मात बोलावायचे नाहीत. या धंद्याला कान लागतात म्हणे! कान!"

हळूच दारापर्यंत मागे गेलो. चपला आपटत परत आत आलो. तिने वळून हातानेच विचारलं, काय म्हणाले?

"वयोमानाने होतं म्हणाले. आणि ती ओळ लाव परत. पासवर्ड देतो."

रविवार, १६

कॉल. तळाला ओळ चालू. मी तिच्याकडे पाहिलंही नाही. मुलीला म्हटलं, "कारखान्यात ये. कानांचं एवढं काही नसतं, दोन वर्षं बिनकानाचा चालवलाय मी. माझा स्क्रू ड्रायव्हर देतो."

तिकडे तिने खुर्ची पुढे ओढली. इकडून ही वाकून माझ्या तोंडाकडे बघत, "तुम्हाला कुणी सांगितलं?"

मी स्क्रीनच्या तळाशी बोट दाखवलं.