धाकटीचा चहा सोडवला

२ जानेवारी
सासूबाईंच्या बैठकीत त्यांच्या मागच्या वाढदिवसाचा फोटो लागला. केवढा मोठा! धाकट्या जावेने जिन्यावरून काढलेला. सगळ्यांची तोंडं, माझी फक्त टाळू. मधोमध, बशीएवढी. धाकटी म्हणते, ताई, फ्लॅशमुळे तसं दिसतं हो. फ्लॅश काय माझ्यावरच पडला? बघून घेईन.

५ जानेवारी
लॉन्ड्रीत हॉटेलच्या पांढऱ्या चादरीवर पुन्हा केस निघाला. सुपरवायझरने चिमटीत धरून सगळ्यांना दाखवला. डोक्याला जाळी घालते तरी! शेजारच्या टेबलावर इस्त्री करणारी म्हणाली, बिनदुधाचा चहा पी, केस गळायचे थांबतात, मोबाईलवर आलंय. मोबाईलवर आलंय म्हणजे कोणी शिकलेल्यानेच लिहिलं असणार. उद्यापासून सुरू. येत्या वाढदिवसाला असा शेपटा घेऊन जाईन की धाकटीने जिना उतरून हात जोडावेत.

६ जानेवारी, सकाळी
कडू जहर. प्याले. जेवताना पाण्याऐवजी चहाच.

१९ जानेवारी
धाकटी आली. माझ्याच घरी बसून चहावर चहा ढोसत होती. म्हणजे हिचा शेपटा यावर पोसलाय! तोंड बारीक करून सांगितलं, बाई गं, चहाने केस गळतात, डॉक्टर म्हणाले, सोड तो. कप अर्ध्यावरच ठेवला तिने. उरलेला मी प्याले. आता बघते कोणाची टाळू फ्रेममध्ये बसते.

२० फेब्रुवारी
झोप नाही. छातीत जळजळ. कंगव्यात पुंजके, पण ते जुने केस. नव्यांना जागा नको का व्हायला? आमचे हे म्हणतात, तुझी पातेली घासून माझेच केस जातील. ह्यांचे उरलेत कुठे!

११ मार्च
उभ्या उभ्या चक्कर आली. हात वाचला, इस्त्रीखाली चादर जळाली. सुपरवायझर म्हणाला, त्यापेक्षा केस बरे होते.
डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं. लोह कमी. चहा किती पिता, विचारलं. ताठ मानेने सांगितलं. म्हणाल्या, चहा पिऊन केस थांबतात असं काही सिद्ध झालेलं नाही. उलट जेवणासोबत एवढा चहा घेतलात तर लोह अंगी लागत नाही, केस जास्तच गळतील. नवीन पोरगी आहे. शिकेल. चहा चालू.

२८ एप्रिल, सासूबाईंचा वाढदिवस
धाकटीचा शेपटा माझ्या मनगटाएवढा. चहा सोडल्यापासून भूक लागते म्हणे, झोप लागते म्हणे, केस तर गळतच नाहीत म्हणे. सगळ्यांदेखत माझ्या गळ्यात पडली. म्हणाली, सख्खी बहीण सांगणार नाही ते ताईंनी सांगितलं. सासूबाईंच्या डोळ्यांत पाणी. थोरलीचं मन मोठं, म्हणाल्या, आणि माझं डोकं खाली ओढून टाळूचाच मुका घेतला.
तेवढ्यात फ्लॅश.
या वेळी आणखी मोठी फ्रेम करणार आहे धाकटी.
निघताना तिने स्वतःच्या घरातला सगळा चहा पिशवीत भरून मला दिला. तिला आता लागत नाही ना.
आधण ठेवलंय.