हरकत नाय

बाबा, आज दप्तरखान्यातून एक जुनी फाईल माझ्या टेबलावर आली आणि तिच्यात तू होतास. नऊ वर्षांपूर्वीचं माझं अक्षर, शेजारी तुझा अंगठा.

आपल्या गावाखालच्या नव्या वसाहतीत यंदाही गुडघाभर पाणी साचलं. तळमजल्यावरच्या बायका मोर्चा घेऊन आमच्या कार्यालयावर आल्या. नाला एका खात्याचा, रस्त्याखालची मोरी दुसऱ्याची, खाडीचा बांध तिसऱ्याचा, म्हणून पहिल्या बैठका कोणाला बोलवायचं यावरच संपल्या. शेवटी मुंबईहून सल्लागार आले. त्यांनी पडद्यावर नकाशा दाखवून सांगितलं की भरतीच्या वेळी पावसाचं पाणी खाडीत उतरत नाही, त्याला थांबायला तलाव हवा, आणि भरतीला मिटणारं, ओहोटीला उघडणारं रुंद दार हवं. आताचे साहेब म्हणाले, "अगदी नवा विचार आहे." मी खाली मान घालून टिपण घेत राहिले.

बांधातली तुझी उघाडी म्हणजे तेच दार. भरती चढू लागली की तू फळ्या खाली सोडायचास, ओहोटी लागली की उचलायचास, आणि मधल्या वेळात पावसाचं पाणी आतल्या सखल तुकड्यात वाट बघत बसायचं. तिथे तू कधी भात लावला नाहीस. एवढी जागा रिकामी का, असं मी शाळेत असताना विचारलं, तर चुलीपुढे भाकरी मोडता मोडता म्हणालास, "रिकामी कुटं हाय? पावना आला का त्याला बसाला ओटी देतस ना? तशी ती पान्याची ओटी हाय."

सरकारी नकाशात त्या तुकड्यावर 'पडीक' लिहिलं होतं. त्याच्यासकट सगळी शेती संपादनात गेली आणि बदल्यात मिळालेल्या प्रकल्पग्रस्ताच्या दाखल्यावर मला, घरातल्या पहिल्या पदवीधराला, ही नोकरी लागली. शहर नीट वसवायचं काम आहे, असं मी सगळ्यांना सांगत फिरले. तू पनवेलच्या बाजारातून माझ्यासाठी घड्याळ आणलंस. "तुजं हापिस घड्यालावर, माजी उघाडी चांदावर. दोगांनी टायमावर रावाचं."

सहा महिन्यांनी आराखड्यावरच्या हरकती आणि सूचना ऐकायची सुनावणी लागली. पडीक तुकडा भरायचा आणि उघाडीच्या जागी सिमेंटचा नळ टाकायचा, असं ठरत होतं. नोंदवहीवर मी बसले होते. रांगेतून तू आलास, धुतलेला सदरा घालून. तू माझा कोण, हे तेव्हाच्या साहेबांना ठाऊक नव्हतं. आपल्या आडनावाची माणसं गावोगाव आहेत. मी विचारलं, "तुमचं नाव सांगा." आयुष्यात पहिल्यांदा तुला तुम्ही म्हणाले. तू माझ्याकडे जरा बघितलंस आणि वडिलांच्या नावासकट सगळं नाव सांगितलंस, परक्याला सांगावं तसं. मग साहेबांकडे वळून हात जोडलेस. "सायेब, माजी हरकत नाय. वसाहत होऊ द्या, पोरांना कामं लागतील. फकस्त ती पान्याची जागा भरू नका, आन दार मोठं ठेवा. नलानी पानी नाय जानार."

हरकत म्हणजे तुझ्या लेखी भांडण, आणि लेकीच्या साहेबांशी तू भांडायला आला नव्हतास. साहेब मला म्हणाले, "लिहा, हरकत नाही." मी लिहिलं. पुढचं काही लिहिलं नाही. अंगठा उठवायला वाकलास तेव्हा हळूच विचारलंस, "नीट लिवलंस ना?" मी हो म्हटलं.

तुकडा भरला गेला. पुढच्या पावसात पाणी आपल्या ओटीवर चढलं, तरी तू मला बोलला नाहीस. "तुज्या सायबांनी वाचलं नसल," एवढंच म्हणालास. त्याच थंडीत तू गेलास, मी नीट लिहिलं होतं असं समजून.

आज आताच्या साहेबांनी ही फाईल माझ्यापुढे टाकली. "बाई, स्थानिकांनी तेव्हाच सांगितलं असतं तर आपण ऐकलं नसतं का? त्यांची हरकत नव्हती, असं टिपणात मांडा. सोमवारी वर पाठवायचंय." त्यांच्या बाजूने कागद पक्का आहे, आणि तो मी केलाय. तुझं बोलणं टिपणात शब्दाला शब्द लिहायचं म्हटलं, तर नोंद कोणी चुकवली हेही लिहावं लागेल. दोनदा सुरुवात केली, दोनदा कागद फाडला. तिसऱ्यांदा बसले तर हे पत्र झालं. खरं तर हेच फाईलला लावायला हवं, पण ते माझ्या खणात राहील.

साहेबांनी सांगितलं म्हणून लिहिलं, असं मी आईला नऊ वर्षं सांगत आले आणि वर तुलाही तेच लिहिलं. बाबा, साहेब तेव्हा शेजारच्या अधिकाऱ्याशी बोलत होते. ते मला काहीच म्हणाले नव्हते. तुझं 'नाय' ऐकून मागे कोणीतरी हसलं, आणि मी ते घाईघाईने 'हरकत नाही' असं शुद्ध करून, पुढचं सोडून, वही तुझ्यापुढे सरकवली.